झोप उडाली, पण कशामुळे? मानसिक आजारांची लक्षणं नीट ओळखताना

मानसिक आजारांबद्दल वाचायला बसलं की बहुतेक ठिकाणी लक्षणांची यादी समोर येते: उदासपणा, चिडचिड, झोप न लागणं, भूक मंदावणं, लक्ष न लागणं. यादी वाचून होईपर्यंत निम्मे आजार आपल्यालाच आहेत असं वाटू लागतं. कारण सरळ आहे. इथे लक्षणं मोजकी आणि आजार पुष्कळ, त्यामुळे तेच लक्षण पाच-सहा आजारांत भेटतं. म्हणून तज्ज्ञ लक्षणाचं नाव ऐकून थांबत नाहीत. हे किती दिवसांपासून आहे, सोबत आणखी काय काय आहे, माणूस आधी कसा होता आणि काम, अभ्यास, नाती, अंघोळ-जेवण यांपैकी नेमकं काय अडलंय, हे ते खोदून विचारतात. निदान या उत्तरांतून होतं.

झोपेचंच घ्या. 'झोप नीट होत नाही' ही तक्रार जवळजवळ प्रत्येक मानसिक आजारात असते, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. चिंतेने ग्रासलेला माणूस अंथरुणावर पडतो आणि उद्याचे विचार सुरू होतात. डोळा लागायलाच तास-दोन तास जातात. नैराश्यात झोप लागते, पण नेहमीच्या वेळेच्या दोन तास आधीच जाग येते, आणि ती पहाट दिवसातली सगळ्यांत जड वेळ असते. काही जण उलट दहा-बारा तास झोपूनही थकलेलेच उठतात. उन्मादात, म्हणजे मन आणि जोम अवाजवी चढलेले असतात त्या काळात, माणूस तीन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो, कारण त्याची झोपेची गरजच घटलेली असते. मोठ्या आघातानंतर दुःस्वप्नं पडतात, माणूस दचकून उठतो आणि पुन्हा झोपायला घाबरतो. दारूने डोळा पटकन लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते. म्हणून 'झोप येत नाही' एवढंच सांगू नका. लागत नाही, टिकत नाही, लवकर उघडते की लागतच नाही तरी काही बिघडत नाही, यातलं नेमकं काय ते सांगा. एका वाक्याने डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

निदानाचे निकष दोन ठिकाणी लिहिलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालं. अमेरिकन मानसोपचार संघटनेचं डीएसएम-५ २०१३ मध्ये आलं आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये. खालचे आकडे मुख्यतः डीएसएमचे आहेत. ते स्वतःवर शिक्का मारण्यासाठी वापरू नयेत. दाखवायला कधी जावं, हे ठरवण्यापुरतेच त्यांचा आधार घ्यावा.

नैराश्य आणि त्याची दुसरी बाजू

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात दर आठ माणसांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यात चिंताविकार व नैराश्य सर्वाधिक.

नैराश्याच्या निदानासाठी नऊ लक्षणं पाहतात: दिवसाचा बहुतांश वेळ उदास वाटणं, कशातच रस किंवा आनंद न उरणं, भूक किंवा वजनात स्पष्ट बदल, झोपेत बदल, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, थकवा, स्वतःबद्दल नालायकपणाची किंवा अवाजवी अपराधाची भावना, लक्ष न लागणं किंवा साधे निर्णय न घेता येणं, आणि मरणाचे किंवा आत्महत्येचे विचार. यातली किमान पाच, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असावी लागतात, आणि त्यांत पहिल्या दोनपैकी एक तरी हवंच.

'रस न उरणं' हे लक्षण फार जण हुकवतात. नैराश्य म्हणजे रडणं अशी समजूत असते. प्रत्यक्षात अनेकांना रडूही येत नाही. आतून बधिर वाटतं. आवडीचं काम समोर असतं आणि हात लावावासा वाटत नाही. पुरुषांत आणि किशोरवयीन मुलांत उदासीपेक्षा चिडचिड आणि रागच पुढे येतो. वयस्कर माणसं मनाचं बोलतच नाहीत, अंगदुखी, पोटाच्या तक्रारी आणि विसराळूपणा सांगतात. तपासण्या सगळ्या नॉर्मल येतात आणि तक्रार तशीच राहते, तेव्हा नैराश्याचा विचार व्हायलाच हवा.

जवळचं माणूस गेल्यावरचं दुःख वेगळं. ते आठवणींच्या लाटांनी येतं, मधल्या वेळात माणूस हसूही शकतो आणि स्वतःबद्दलचा आदर बहुधा शाबूत राहतो. नैराश्यात मळभ सलग राहतं आणि रोख स्वतःवर असतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे 'दुःख आहे, होईल कमी' म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाची चूक. बायपोलर आजार, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद आणणारा आजार, असलेला माणूस बहुतेक वेळा नैराश्याच्या काळातच मदत मागतो. उन्मादाच्या काळात त्याला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. उलट इतकं छान कधीच वाटलेलं नसतं. मग नैराश्याचं निदान होतं, फक्त नैराश्यविरोधी गोळ्या सुरू होतात आणि काहींच्या बाबतीत त्या गोळ्यांनीच उन्माद उफाळतो. हे टाळायला एक प्रश्न पुरतो: 'आयुष्यात कधी असे सलग काही दिवस गेले का, की झोप फार कमी होती तरी थकवा नव्हता, बोलणं-विचार सुसाट होते, आणि घरच्यांना तुम्ही वेगळेच वाटलात?' याचं उत्तर घरातल्या माणसाकडूनही घ्यावं.

पूर्ण उन्माद म्हणायला किमान एक आठवडा लागतो, रुग्णालयात ठेवायची वेळ आली तर त्याहून कमी काळही पुरतो. सौम्य उन्मादाला चार दिवस. मनःस्थिती चढलेली किंवा चिडकी, अंगात अफाट जोम, आणि सोबत झोपेची गरज घटणं, न थांबता बोलणं, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या, स्वतःबद्दल अवास्तव मोठेपणा, वारेमाप खर्च किंवा बेफिकीर धाडस यांतली किमान तीन लक्षणं. मनःस्थिती नुसती चिडकी असेल तर चार. एका दिवसात चार वेळा मूड बदलतो म्हणून कुणी बायपोलर होत नाही. इथे मोजमाप दिवसांचं आणि आठवड्यांचं असतं.

बायपोलरच्या उपचारात लिथियम हे औषध आजही आघाडीवर आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने त्याचा उपयोग १९४९ मध्ये मांडला. पण या औषधाची योग्य पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर राखतात, आणि नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी देतात. सकाळची गोळी घेऊन तपासणीला गेलात तर आकडा खोटाच चढा येतो. जुलाब-उलट्या, घाम जाऊन अंगातलं पाणी कमी होणं, अचानक मीठ तोडणं, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, यांनी पातळी वाढते. हात ठळकपणे थरथरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं, उलट्या होणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

चिंता, धडकी आणि मंत्रचळ

काळजी सगळ्यांनाच वाटते. ती आजार ठरते जेव्हा सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक विषयांवर एकाच वेळी सुरू राहते आणि थांबवता थांबत नाही. सोबत अस्वस्थता, लवकर दमणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू ताठणं, झोप बिघडणं यांपैकी मोठ्या माणसात किमान तीन. मान-खांदे कायम आखडलेले असणं, ही तक्रार घेऊन हे लोक आधी हाडांच्या डॉक्टरकडे जातात.

पॅनिक अटॅक मात्र अचानक येतो आणि काही मिनिटांतच शिखराला पोचतो. छाती धडधडते, श्वास अपुरा वाटतो, घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत दुखतं, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आता मरणार किंवा वेड लागणार असं वाटतं. मुंग्या आणि चक्कर यांचं कारण ठाऊक असलं की भीती थोडी उतरते: घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच ही लक्षणं येतात. म्हणून 'मोठमोठे श्वास घे' हा सल्ला चुकीचा. श्वास हळू करायचा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. पण छातीत पहिल्यांदाच असं दुखलं असेल, वय जास्त असेल किंवा मधुमेह-रक्तदाब असेल, तर आधी हृदयाची तपासणी. घरी बसून 'पॅनिकच असेल' ठरवू नये.

एक अटॅक म्हणजे आजार नव्हे. पुन्हा येईल या धास्तीत महिनाभर जातो आणि माणूस लिफ्ट, गर्दी, एकटं बाहेर पडणं टाळू लागतो, तेव्हा पॅनिक डिसऑर्डर जडलेला असतो. टाळण्याने त्या क्षणी सुटका होते, पण मेंदू शिकतो की ती जागा खरोखरच धोक्याची होती. चिंतेच्या सगळ्या विकारांना खतपाणी घालणारी गोष्ट हीच. त्यामुळे उपचाराचा गाभाही, टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरं जाणं, हाच.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, हा नीटनेटकेपणाचा अतिरेक समजला जातो. ते बरोबर नाही. त्याला एक ठरलेला फेरा असतो. दार उघडं राहिलं असेल, असा विचार मनात घुसतो. अस्वस्थता चढते. माणूस परत जाऊन कुलूप ओढून पाहतो. दोन मिनिटं बरं वाटतं. मग 'ओढलं खरं, पण नीट पाहिलं का?' जितक्या वेळा तपासावं तितका आपल्या आठवणीवरचा विश्वास कमी होत जातो. विचार किंवा कृती मिळून दिवसाचा एक तासाहून जास्त वेळ खाऊ लागल्या, किंवा त्यांनी काम अडलं, तर तो आजार. काहींमध्ये कृती दिसतच नाही, कारण ती मनातल्या मनात चालते: आकडे मोजणं, शब्द उलटसुलट घोकणं.

काहींना आपल्याच बाळाला इजा करू की काय, असे नकोसे विचार येतात आणि ते लाजेने वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. ओसीडीमध्ये हे विचार माणसाच्या इच्छेच्या विरुद्ध असतात, म्हणूनच तो इतका हादरतो. तज्ज्ञांना ते सांगायला घाबरू नका. ते रोज ऐकतात. घरच्यांसाठी एक गोष्ट कठीण पण गरजेची आहे: 'हो, लागलंय कुलूप' असं दहादा सांगणं ही मदत ठरत नाही, तेही त्या फेऱ्याचाच भाग होतं. ते कसं आणि किती वेगाने कमी करायचं, हे उपचार करणाऱ्याबरोबर ठरवावं. औषधांचा परिणाम इथे नैराश्यापेक्षा उशिरा दिसतो, आठ ते बारा आठवडे लागतात. चार आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे अनेक जण उपचार मिळण्याआधीच थांबलेले असतात.

आघातानंतरचा विकार, पीटीएसडी, अपघात, अत्याचार, युद्ध, आपत्ती यांनंतर होतो. प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, मन बधिर होणं किंवा स्वतःला दोष देणं, आणि सतत सावध राहणं अशी चार अंगं त्याला असतात. लक्षणं महिन्याहून अधिक टिकली तरच हे नाव लावतात. पहिल्या काही आठवड्यांत अशी प्रतिक्रिया अनेकांना येते आणि बहुतेकांची ती आपोआप ओसरते.

वास्तवाशी नातं सुटतं तेव्हा

स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, एका शरीरात दोन माणसं, ही समजूत साफ चुकीची आहे. त्याची मुख्य लक्षणं पाच: खोटे पण अढळ समज, भास, विस्कळीत बोलणं, विस्कळीत किंवा ताठरलेलं वागणं, आणि भावना व इच्छाशक्ती ओसरणं. यांतली किमान दोन महिनाभर असावी लागतात, त्यांत पहिल्या तीनपैकी एक तरी, आणि आजाराच्या खुणा एकूण सहा महिने. आयसीडी-११ महिन्याचा काळ पुरेसा मानतं. भासांमध्ये आवाज ऐकू येणं सर्वांत जास्त. सुरुवात बहुधा विशीच्या आगेमागे. स्त्रियांमध्ये सरासरीने काही वर्षं उशिरा.

पाचवं लक्षण सर्वांत दुर्लक्षित. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, अंघोळ टाळतो, चेहऱ्यावर भाव नाही, मित्र सुटले. घरचे याला आळस म्हणतात, ओरडतात, आणि त्यात वर्ष निघून जातं. पूर्वी नीट वागणारा तरुण काही महिन्यांत असा बदलला, अभ्यास कोसळला, संशय वाढला, तर आवाज ऐकू येण्याची वाट पाहू नये. उपचार जितके लवकर, तितकी सावरण्याची शक्यता जास्त. गांजाच्या नियमित सेवनाने असा धोका वाढतो, हेही तरुणांना स्पष्ट सांगायला हवं. भास आणि भ्रम तीव्र नैराश्यात, उन्मादात आणि व्यसनातही येतात, त्यामुळे आवाज ऐकू येतात म्हणजे स्किझोफ्रेनियाच, असं नसतं.

अशा माणसाशी बोलताना त्याचा समज खोडून काढायला जाऊ नका आणि खोटं 'हो'ही म्हणू नका. 'मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला किती भीती वाटत असेल ते कळतंय' इतकं पुरे.

व्यसन आणि काही वेगळे गट

व्यसन हा चारित्र्याचा दोष नाही, त्यालाही निकष आहेत. अकरा निकषांपैकी बारा महिन्यांत दोन-तीन असतील तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त तीव्र. ठरवलं त्यापेक्षा जास्त घेणं, कमी करायचे फसलेले प्रयत्न, अनावर ओढ, कामात खंड, पूर्वीइतक्या मात्रेत परिणाम न होणं आणि बंद केल्यावर त्रास होणं हे त्यांतले काही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती घरच्या घरी एकदम तोडणं धोक्याचं आहे. थरथर सहा तासांत सुरू होऊ शकते, झटके पहिल्या दोन दिवसांत, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रमिष्टपणा, ताप, घाम यांची जीवघेणी अवस्था येऊ शकते. दारू सोडायचीच, पण वैद्यकीय देखरेखीखाली.

खाण्याच्या विकारांत वजन पाहून निदान चुकतं. बुलिमियात वजन बहुधा नॉर्मल असतं, आणि खाण्याचा झटका व त्यानंतर ओकून काढणं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालतं. अॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाणं, हा मानसिक आजारांतल्या सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी आहे. व्यक्तिमत्त्वाचे विकार तरुणपणापासून चालत आलेल्या वागण्याच्या ठशांवरून ओळखतात. एका भांडणावरून कुणाला ते नाव चिकटवणं अन्यायाचं. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, लक्षणं बारा वर्षं वयाआधी दिसलेली असावी लागतात, म्हणून मोठ्यांच्या तपासणीत शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं उपयोगी पडतात.

वयस्कर माणूस काही तासांत किंवा दिवसांत गोंधळला, कधी भानावर तर कधी बरळतोय, तर तो स्मृतिभ्रंश नाही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. अचानक आलेल्या गोंधळामागे लघवीचा संसर्ग, सोडियम घटणं, पाणी कमी पडणं किंवा नवं औषध असू शकतं, आणि ती तातडीची बाब असते. काही वेळा असा माणूस आरडाओरडा न करता नुसता गप्प, झोपाळू होतो. मग कुणाच्या लक्षातच येत नाही.

डॉक्टरकडे जाण्याआधी आणि गेल्यावर

थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, साखरेचे चढउतार, झोपेत श्वास अडकणं, स्टेरॉइडसारखी औषधं, यांतून मानसिक लक्षणं हुबेहूब उभी राहतात. म्हणून पहिल्या भेटीत रक्त तपासायला सांगितलं तर वेळकाढूपणा समजू नका.

जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत रोज लिहा: किती वाजता आडवे झालात, डोळा कधी लागला, जाग कधी आली, दिवसभराच्या मनःस्थितीला दहापैकी किती, चहा-कॉफी-दारू-सिगारेट किती. चालू असलेली सगळी औषधं, घरात कुणाला असा आजार होता का, हेही. पीएचक्यू-९ ही नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची चाचणी भरून नेता येते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र, वीसपासून तीव्र. ही चाळणी आहे, निदान नव्हे. बायपोलर ती पकडत नाही. नवव्या, मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्यावर त्याच भेटीत बोलणं व्हायलाच हवं.

नैराश्यविरोधी औषधांचे दुष्परिणाम पहिल्या आठवड्यात येतात, मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. उलट्या क्रमाने येणाऱ्या या दोन गोष्टींमुळेच बरेच जण दहाव्या दिवशी गोळी सोडतात. पंचविशीच्या आतल्यांकडे या सुरुवातीच्या काळात घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं, कारण काहींमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखी जाणीव होते. मात्रा हळूहळू उतरवावी लागते. सवय लागण्याचा धोका असतो तो झोपेच्या आणि शांत करणाऱ्या बेन्झोडायझेपिन गोळ्यांचा. त्या काही आठवड्यांपुरत्याच असतात, जुन्या चिठ्ठीवर परत परत घेऊ नयेत, आणि दीर्घकाळ घेतल्या असतील तर स्वतःहून एकदम तोडूही नयेत.

कुणाबद्दल आत्महत्येची शंका आली तर सरळ विचारा: 'जीव द्यावा असे विचार येतात का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर पुढे विचारा: कसं करायचं हे ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. यातलं काहीही असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, औषधांचा साठा आणि इतर धोकादायक वस्तू त्याच्या आवाक्याबाहेर हलवा, आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, तातडीच्या विभागात घेऊन जा. 'कुणाला सांगू नकोस' असं वचन तो मागेल. ते देऊ नका.